पेंढ्याखालचं पाकीट

नाताळच्या सकाळी प्रमिला साळवे उठली ती घाबरूनच. तशी ती गेले तीन दिवस घाबरूनच उठत होती, घाबरूनच झोपत होती आणि मधल्या वेळात करंज्या तळत होती. करंजी मात्र एकही फुटली नाही. हात आपलं काम करत होते.

कारण होतं एक पाकीट. तपकिरी, लांबट, गोंदाने चिकटवलेलं, वर इंग्रजीत तिचं नाव. ते घरात नव्हतं. ते डोकमर्डी वस्तीतल्या हॉलमध्ये, चर्चच्या मंडळीसाठी मांडलेल्या गव्हाणीत, बाळ येशूच्या मूर्तीखाली पेंढ्यात दडवलेलं होतं. ते तिथे आहे हे तिला आणि देवाला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली होती. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. प्रमिलाने तीन आठवडे ती नसल्यासारखं करून पाहिलं. गाठ काही तिचं ऐकेना. मग नोकरी होती त्या शाळेत मीटिंग आहे असं सांगून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सुई टोचून नमुना तपासणीला पाठवला आणि बजावलं, ‘रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी या. थांबायचं नाही.’

बावीस तारखेला संध्याकाळी ती लॅबमध्ये गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, व्हॉट्सॲपवर पण पाठवते ना.’ प्रमिला म्हणाली, ‘नको, माझा मोबाईल बिघडलाय.’ नेमका तेव्हाच तिच्या पर्समध्ये मोबाईल वाजायला लागला. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि पाकीट पुढे सरकवलं.

आता हे पाकीट ठेवायचं कुठे? घरी ठेवायची सोय नव्हती. तिचे यजमान रघुनाथ एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर पंचवीस वर्षं बसलेले. घरात येणारं प्रत्येक पाकीट, मग ते लाइटचं बिल असो की लग्नाची पत्रिका, ते पट्टी लावून सरळ रेषेत फोडायचे आणि कोपऱ्यात तारीख घालायचे. उशीखाली, डब्यामागे, साड्यांच्या घडीत, कुठेही ठेवलं तरी त्यांना सापडलंच असतं. सुट्टे पैसे तर ते तिच्याच पर्समधून घेत.

आणि तेजस्विनी येणार होती. लेक पुण्याला नोकरीला, दोन वर्षांनी नाताळला घरी येत होती. प्रमिलाला हवा होता तो एक दिवस. धड, अख्खा, कोणी न रडलेला. सव्वीस तारखेला काय ते होऊ दे, पण पंचवीस तारीख तिला हवी होती.

तिला आनंदाचं आधीपासूनच भय वाटायचं, हे सांगायला हवं. लहानपणी खूप खिदळलं की आई दटावायची, पुरे, मग रडशील. ते तिच्या हाडात जाऊन बसलं होतं. नोकरी कायम झाली आणि आठवड्याभरात आई गेली. तेजस्विनी पहिल्या वर्गात पास झाली आणि त्याच महिन्यात रघुनाथ स्कूटरवरून पडून पाय मोडून घेऊन आले. तेव्हापासून घरात काही चांगलं झालं की ती दाराकडे बघायची, आता कोण येतंय म्हणून. बरं, ही बाई संडे स्कूलची टीचर. दर रविवारी पंधरा-वीस पोरांना टाळ्या वाजवून शिकवायची की ख्रिस्ताचा आनंद कोणी हिरावून घेत नाही. पोरं जोरात ‘आमेन’ म्हणायची. घरी जाताना तिला लाज वाटायची.

लॅबमधून ती तशीच हॉलवर गेली, कारण गव्हाणी मांडायचं काम दरवर्षी तिचं आणि किल्ली तिच्याकडे. मंडळीतल्या चिंधाने दुधनी गावाहून पोतंभर पेंढा आणून टाकला होता. फळीची गव्हाणी मांडता मांडता तिने पाकीट फळीवर ठेवलं, त्यावर पेंढा पसरला, पेंढ्यावर बाळ निजवलं. प्लॅस्टरचं बाळ, उजव्या हाताचं एक बोट तुटलेलं. मग गुडघ्यावर बसून म्हणाली, ‘तुझ्याखाली ठेवलंय. तीन दिवस आहेत. आत काय लिहिलंय ते तू बघ आणि बदलायचं असेल तर बदल.’

देव काही कागदावरची शाई खोडत बसत नाही, हे तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. हेच एखाद्या पोराने केलं असतं तर तिने त्याला जवळ बसवून समजावलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला समजावणार कोण, आणि तेही ते एकटंच असताना?

तर नाताळची उपासना. हॉल दुकानांच्या वर, भाड्याचा, पण त्या दिवशी कागदी ताऱ्यांनी नुसता फुलला होता. सत्तर-पंच्याहत्तर माणसं. नगरकडची, नाशिककडची, नवापूर-नंदुरबारकडून कंपन्यांत कामाला आलेली. तेजस्विनी कीबोर्डवर बसली होती आणि मधूनच आईकडे बघून हसत होती. प्रमिलाही हसत होती. तिचं लक्ष मात्र गव्हाणीत, त्या बाळाच्या पाठीखाली.

मंडळीचे धर्मगुरू श्रीकांत पाळक यांचा उपदेश तिच्या कानावरून चालला होता. एकच तुकडा आत शिरला. ते म्हणत होते, ‘त्या रानातल्या मेंढपाळांचं आधी काय झालं? आनंद झाला? छे. पार घाबरून गेले बिचारे. आणि देवाने काय केलं, त्यांची भीती जायची वाट पाहिली नाही. आनंदाची बातमी त्याने घाबरलेल्या माणसांनाच आधी सांगितली.’

प्रमिलाने मान वर केली. पण तेवढ्यात पाळकांनी पुढची सूचना दिली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

‘गव्हाणीतला पेंढा आपण दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी वाटतो. पण हॉलच्या शेठना उद्या सकाळी हॉल रिकामा हवाय, लग्न आहे. तेव्हा पेंढा आजच घ्या. आत्ताच, ओळीने या. प्रमिलाताई वाटतील.’

ही पेंढ्याची रीत कमळाबाईंनी घातलेली. ऐंशीची म्हातारी, मंडळीतली सगळ्यात जुनी. तिच्या गावाकडे गव्हाणीतल्या दोन काड्या घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवायचे. घरात भीती शिरत नाही, असं ती म्हणायची. पाळकांनी एकदा दबकत विचारलं होतं, आजी, याला आधार काय? कमळाबाई म्हणाली होती, काडीला कसला आधार? जो तिच्यावर निजला त्याची आठवण राहते, बस झालं. तेव्हापासून कोणी विचारलं नाही.

प्रमिला उठली. गव्हाणीपाशी पोचेपर्यंत ओळ लागलीसुद्धा. आता सगळ्यांसमोर पाकीट काढणार कसं? आणि पेंढा संपत गेला की ते उघडं पडणार. लॅबचा शिक्का लांबूनही दिसेल. मग तेजस्विनीचं तोंड, रघुनाथचं तोंड, आणि सत्तर माणसांच्या नजरा. संडे स्कूलच्या टीचरने येशूच्या खाली रिपोर्ट लपवला होता. तिचा तो एक दिवस तिथेच, करंजीचा डबा उघडायच्या आधीच संपणार.

तिने एक उपाय काढला. पेंढा कडेकडेने काढायचा, मधला हलवायचा नाही, आणि प्रत्येकाला फक्त दोन काड्या.

पहिला मान कमळाबाईचा. ती कसली दोन काड्यांवर ऐकते? तिने स्वतःच वाकून बाळाच्या पायाखालून मूठभर पेंढा ओढला. पाकिटाचा तपकिरी कोपरा डोकावला. प्रमिलाने चटकन बाळ सरकवून त्याचा पाय त्यावर आणला. म्हातारीने मान वर करून विचारलं, ‘घाम कसला आलाय गं तुला? डिसेंबर आहे.’

‘पंखा बंद आहे, आजी.’

पंखा गरगर फिरत होता. कमळाबाई पंख्याकडे बघून पुढे गेली.

मागून नथूमामा आला. दुधनीच्या पाण्यात मासे धरणारा, सगळ्यांशी थट्टा करणारा. हातातल्या दोन काड्या त्याने उजेडात धरल्या. ‘प्रमिलाताई, यंदा पेंढ्याचा दुष्काळ पडलाय का? चिंधा, तू पोतं आणलंस की पुडी?’ लोक हसले. प्रमिलाही हसली, पण तिचं हसणं तिलाच परकं वाटलं. ती मनात माणसं मोजत होती. आणखी वीस. आणखी बारा. गव्हाणीच्या कडा उघड्या पडत चालल्या होत्या, आणि मध्ये, बाळाखाली तेवढा पेंढा उरला होता. ओळीत अगदी शेवटी रघुनाथ उभे होते. ते नेहमी शेवटीच यायचे, आधी खुर्च्या आवरून, माईकची वायर गुंडाळून.

त्यांच्या पुढे एक बाई होती. प्रमिलाने तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. सुती लुगडं, पायांत कंपनीतल्या कामगारांच्या रबरी चपला. मंडळीतली सरिता प्रमिलाजवळ येऊन म्हणाली, ‘ताई, या मंजुळाबाई. आमच्या शेजारी राहतात, शहाद्याकडच्या. मी गाडी काढायला सांगते खाली.’ आणि ती जिना उतरून गेली.

मंजुळाबाईने हात पुढे केला. ‘बाई, माले दोनच काड्या द्या. मनी सून दवाखानामा से. सातवाच महिना से आणि पाणी गयं. सरिता म्हने, हाई घरमा ठेवं का भेव लागत नही.’

प्रमिलाने गव्हाणीत पाहिलं. कडेला काडी उरली नव्हती. जे होतं ते पाकिटावर. हात घातला की शिक्का दिसणार, आणि मंजुळाबाईच्या खांद्यामागे, दोन हातांवर रघुनाथ.

‘संपला पेंढा,’ प्रमिला म्हणाली.

बाळ पेंढ्यावर निजलेलं होतं. मंजुळाबाईला तो पेंढा दिसत होता. कोणालाही दिसला असता. पण ती भांडली नाही, ‘तो काय आहे’ असंही म्हणाली नाही. आपण इथल्या नाही, आपल्याला मिळायचं नाही, हे तिने धरूनच ठेवलं असावं. ‘बरं बाई,’ म्हणाली, बाळाच्या पायाला बोट लावून ते कपाळाला लावलं आणि जिन्याकडे वळली.

प्रमिला तिची पाठ बघत राहिली. एक हात भिंतीला टेकून ती चालत होती, पाऊल टाकल्यावर खाली जमीन असेल की नाही याची खात्री नसल्यासारखी. ही चाल प्रमिलाच्या ओळखीची होती. बावीस तारखेला लॅबचा जिना ती स्वतः अशीच उतरली होती.

आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. एका घाबरलेल्या बाईने हात पुढे केला आणि आपण खोटं बोलून तिला परत पाठवलं. कशासाठी? एक दिवस सुखाचा जावा म्हणून. असल्या सुखाला काय चाटायचंय?

‘ओ ताई, थांबा,’ ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तेजस्विनीचे हात कीबोर्डवर थांबले. ‘आहे पेंढा. या इकडे. पदर पुढे करा.’

तिने बाळ उचलून काखेत धरलं. दुसऱ्या हाताने पेंढा गोळा केला आणि मंजुळाबाईच्या पदरात घातला. दोन काड्या नाहीत, होता नव्हता तेवढा सगळा. हात कापत होता म्हणून काही काड्या खाली सांडल्या, त्याही वाकून वेचल्या. ‘सुनेच्या उशाशी ठेवा,’ ती म्हणाली. ‘आणि तिचं नाव सांगा. मी प्रार्थना करीन.’

‘रूपाली,’ मंजुळाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली. पदर गच्च धरून ती लगबगीने खाली गेली.

प्रमिला उभी राहिली. समोर कोरी फळी, फळीवर पाकीट, सगळ्यांना दिसेल असं. ज्याला ती तीन दिवस भीत होती ते झालं होतं. आणि काय नवल, नेमक्या त्याच वेळी तिला आनंद झाला. छाती भरून यावी असा. करंज्यांचा नाही, लेक आल्याचा नाही, पाकिटात चांगलं निघेल अशा आशेचाही नाही. पाकिटात काय आहे ते विचारायला तो थांबलाच नव्हता. येशू, तू इथे आहेस, एवढंच ती मनात म्हणाली. तीन दिवस ती त्याला शाई बदलायला सांगत होती. आज पहिल्यांदा तिने त्याच्याकडे काही मागितलं नाही.

रघुनाथ पुढे आले. त्यांनी पाकीट उचललं, सवयीने उलटंपालटं करून पाहिलं. शिक्का वाचला. तारीख वाचली.

‘बावीसचं आहे.’

‘हो.’

‘तीन दिवस इथे होतं?’

‘हो.’

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते बसले. आलेलं पाकीट न फोडता हातात धरून बसलेला हा माणूस तिने इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. त्यांनी ते तिच्यापुढे केलं. ‘नाव तुझं आहे,’ ते म्हणाले. ‘पण प्रमिला, तीन दिवस तू एकटी कशाला गं राहिलीस?’

‘तुम्हीच फोडा,’ ती म्हणाली.

जवळ पट्टी नव्हती. त्यांनी बोटानेच फोडलं, वेडंवाकडं, एका बाजूला पार फाटलं. तेजस्विनी येऊन मागे उभी राहिली होती. तिने बापाच्या खांद्यावरून वाचलं आणि आईचा हात घट्ट धरला. तेव्हाच प्रमिलाला कळलं.

‘तेच आहे ना?’

‘तेच आहे,’ रघुनाथ म्हणाले. ‘पण सुरुवातीचं असेल. डॉक्टर सांगतील.’

ती आता वाट बघू लागली. आनंद आता जाईल. आजवर दर वेळी असाच गेला होता, पाठोपाठ काहीतरी येऊन. भीती तर आलीच, लाटेसारखी आली, आणि तिने फळीचा आधार घेतला. काखेतलं बाळ तिने छातीशी धरलं, डाव्या बाजूला, जिथे गाठ होती तिथेच. आणि भीतीच्या खाली तिने चाचपून पाहिलं, तर आनंद होता तिथेच होता. पुढे उपचारासाठी सुरतेच्या खेपा झाल्या, केस गेले, रात्र-रात्र उलट्या झाल्या. भीती कैकदा आली आणि गेली. हा मात्र गेला नाही. पण त्या दिवशी तिला हे कुठे माहीत होतं? तिला आपलं नवल वाटत होतं की अजून कसा आहे.

जिन्यावर रबरी चपला वाजल्या. मंजुळाबाई धापा टाकत वर आली. खाली सरिताची गाडी हॉर्न देत होती. ती थेट प्रमिलापाशी आली आणि पदरातल्या पेंढ्याचे दोन भाग करून तिने एक भाग फळीवर ठेवला.

‘येवढा माले कशाले?’ ती म्हणाली. ‘देताना तुमना हात कापी राहिंता. तुमले बी भेव वाटी राहिनं. अर्धा तुम्ही ठेवा.’

प्रमिलाला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, लहानपणी हसायची तशी खो खो. तेजस्विनी बघतच राहिली, तिने आईला असं हसताना पाहिलं नव्हतं. प्रमिलाने हसून घेतलं, आणि हसून झाल्यावर दाराकडे पाहिलं नाही.

तिने त्यातल्या दोन काड्या उचलून फाटक्या पाकिटात रिपोर्टच्या शेजारी सरकवल्या, आणि उरलेल्या पेंढ्यावर बाळाला पुन्हा निजवलं.

‘डॉक्टरीणबाई उद्या नऊला येतात,’ ती रघुनाथला म्हणाली. ‘आपण साडेआठलाच जाऊ. तेजू, करंज्यांचा डबा काढ. आधी कमळाबाईंना दे.’